इथिओपिया झाला आपला

माझे साडू जेवायला बाहेर जात नाहीत; मोहिमेवर निघतात. आठवडाभर या परदेशी शहरातल्या एका विमा कंपनीच्या दावे विभागात बसायचं, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ‘पाणी वरून आलं की खालून?’ एवढा एकच प्रश्न विचारून परत पाठवायचं आणि शनिवारी जगाला मिठी मारायची, असा त्यांचा क्रम. मिठी ते तोंडाने मारतात.

त्यासाठी त्यांनी ‘जगाचं ताट’ नावाचं मंडळ काढलं. मंडळात त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. ही पदवी त्यांना कोणी दिली याची मी बरीच चौकशी केली आणि ती त्यांनी स्वतःच घेतली असावी, या निष्कर्षाला आलो. सभासदांत एक दातांचे डॉक्टर, एक करसल्लागार, घरांची सजावट करून देणारं एक जोडपं आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. मी आणि माझी बायको नातेवाइकांच्या कोट्यातून. कॅप्टनची बायको माझ्या बायकोची सख्खी थोरली बहीण, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

मंडळाचे नियम कडक होते. हॉटेल मोठ्या कंपनीचं चालायचं नाही, मालकाचं स्वतःचं हवं, आणि मालक स्वयंपाकघरात घामाघूम हवा. गल्ल्यावर पेपर वाचत बसलेला मालक दिसला की हॉटेल बाद. पदार्थ कॅप्टन मागवणार, इतरांनी खायचे. आणि सर्वांत पवित्र नियम म्हणजे एकदा खाल्लेला देश पुन्हा खायचा नाही. त्यामुळे आमच्यात ‘पेरू झाला’, ‘लेबनॉन झालं’, ‘जॉर्जिया गेल्या महिन्यातच उरकला’ अशी भाषा चाले. शेजारच्या टेबलावरची माणसं कधीकधी घाबरून बघत.

अस्सलपणा ओळखायच्या खुणाही ठरलेल्या होत्या. खुर्च्या एकमेकींशी जुळत नसल्या तर उत्तम. भिंतीवर आपल्याला वाचता न येणाऱ्या लिपीतलं कॅलेंडर असेल तर फारच उत्तम. वेटर उर्मट निघाला, पंखा बंद असला आणि मोरीचा वास येत असला, की कॅप्टनचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली यायचा. एके ठिकाणी सगळंच स्वच्छ, वेळेवर आणि चविष्ट निघालं, तर हा गृहस्थ घरी पोहोचेपर्यंत उदास. म्हणाले, “आपल्यासारख्यांसाठी केलेलं आहे ते.” आपण आपल्यासारखे आहोत यात त्या मालकाचा काय दोष, हे मी विचारलं नाही. विचारून उपयोग झाल्याचा अनुभव नव्हता.

जेवण झालं की मालकाला बाहेर बोलावलं जाई. तो हात पुसत येऊन उभा राही. कॅप्टन त्याला बसा म्हणत नसत, कारण उभा मालक फोटोत बरा दिसतो. मग प्रश्न. तुमची आई असंच करायची का? देश कधी सोडलात? आठवण येते का? हा शेवटचा प्रश्न ते मान किंचित तिरकी करून विचारत, आणि मालकाचे डोळे भरून आले की शनिवार सत्कारणी लागला असं समजायचं. मुख्याध्यापिकाबाई रुमाल आधीपासून मुठीत धरून बसत. एकदा एका मालकाने ‘आठवण? मुळीच नाही, तिथे माझ्या दोन बायका आहेत’ असं सांगून टाकलं. मंडळ त्या दिवशी गोड न खाता उठलं.

माझी थोरली मेहुणी, म्हणजे कॅप्टनची बायको, या मोहिमांत कडेच्या खुर्चीवर बसे. तिच्या मांडीवर सगळ्यांचे कोट, पर्समध्ये सगळ्यांच्या पित्ताच्या गोळ्या. एवढे देश झाले, त्यांतला तिला कुठला आवडला हे कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

त्यांना एकच मुलगी. फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतःचं क्लिनिक आहे, पण घरात अजून ठकीच. तिच्याकडे एक इथिओपियन बाई खांद्यासाठी येऊ लागल्या. बस डेपोच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं छोटं हॉटेल, आणि भिजवलेल्या पिठाची जड पातेली उचलून उचलून खांदा धरलेला. त्यांना न्यायला मुलगा यायचा; आईबरोबर तोही हॉटेल चालवतो. पुढे खांदा सुटला, पण मुलाचं येणं सुटेना. दोघांनी लग्नाचं ठरवलं. ठकीने घरी एकच मागणं केलं, की आईबाबांनी त्या हॉटेलात येऊन मुलाच्या आईबरोबर एका ताटात जेवावं. त्या बाई विधवा, मुलगा एकुलता. मुलीकडची माणसं आपल्या ताटावर बसली नाहीत तर हे लग्न आपण मानणार नाही, असं त्यांनी मुलाला सांगून ठेवलं होतं. आणि ठकीलाही पळून जाऊन सह्या करायच्या नव्हत्या. तिला दोन्ही घरं हवी होती.

हे तिने सांगितलं तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. मेहुणी भाजी निवडता निवडता थांबली. कॅप्टननी हॉटेलचं नाव विचारलं, डोळे मिटले, मनातल्या मनात जगाचा नकाशा उलगडला आणि म्हणाले, “इथिओपिया झाला आपला.”

ठकीला वाटलं ते विनोद करताहेत. मला तसं वाटलं नाही; मी त्यांना जास्त वर्षं ओळखतो.

त्यानंतर त्या घरात महिनाभर जे चाललं त्याला विरोध म्हणता येणार नाही. आपला विरोध नाही, हे कॅप्टन दिवसातून इतक्या वेळा सांगत, की विरोध केला असता तर घर जरा शांत राहिलं असतं. आपण कसले लोक आहोत, तिसेक देश खाल्लेला माणूस आपल्या मुलीला अडवील का, वगैरे. फक्त मुलाचा धंदा त्यांना जरा विचार करण्यासारखा वाटत होता. सुट्टी नाही, वेळेचा पत्ता नाही, कपड्यांना कायम कांद्याचा वास.

“बाबा, मालक घामाघूम हवा असं तुम्हीच म्हणता ना?” ठकीने विचारलं.

“मालक म्हटलं होतं,” कॅप्टन म्हणाले. “जावई नव्हतं म्हटलं.”

मग एक दिवस त्यांचा मला फोन आला. आवाजात तोडगा सापडल्याचा तजेला होता. जायचं, पण मंडळ घेऊन जायचं. झालेल्या देशांना काही खास कारणाने दुसऱ्यांदा जायचं, त्याला ‘पुनर्भेट’ म्हणायचं, आणि सुरुवात इथिओपियापासून करायची. म्हणजे वातावरण मोकळं राहील. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात दातांच्या डॉक्टरांचं काय काम, असं मी विचारलं. “अहो, त्यांना वाईट वाटेल ना नाहीतर,” ते म्हणाले. ठकीला काय वाटेल याचा उल्लेख आला नाही. गोष्ट उघड होती. वडील म्हणून गेलं की माणसाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. कॅप्टन म्हणून गेलं की नुसते प्रश्न विचारून येता येतं.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. रस्ता तसा बकाल. एका बाजूला कपडे धुऊन देणारं दुकान, दुसऱ्या बाजूला टायरवाला. हॉटेलच्या दारावर ‘आज बंद’ अशी पाटी होती. बाईंनी आमच्यासाठी दिवसाचं गिऱ्हाईक सोडलं होतं. आत अरुंद खोली, भिंतीला चिकटून बाकं, कोपऱ्यात घरघरणारा फ्रीज आणि त्यावर फुटबॉलचा एक कप. मधोमध विणलेल्या टोपलीसारखं गोल टेबल मांडलेलं होतं, त्याभोवती सात खुर्च्या. त्या दोघांच्या दोन, ठकीची, तिच्या आईबाबांच्या आणि आम्हा मावशी-काकांच्या.

कॅप्टनच्या मागून डॉक्टर आत आले. मग करसल्लागार. मग सजावटवालं जोडपं, ‘वा, काय पोत आहे’ म्हणत भिंतीच्या उडालेल्या रंगावरून हात फिरवत. मग मुख्याध्यापिकाबाई, रुमालासकट.

ठकीचा चेहरा पाहवत नव्हता. तिने दातांवर दात ठेवून वडिलांना विचारलं, हे सगळे कशाला. “अगं, आपलेच आहेत,” कॅप्टन म्हणाले आणि तेच बाईंनाही शहराच्या भाषेत ऐकवलं.

बाईंनी मात्र हे अक्षरशः खरं धरलं. बाई अंगाने भरलेल्या, चालायला चपळ, अंगात लाल स्वेटर, आणि नजर अशी की आलेल्या प्रत्येकाच्या पोटात किती मावेल ते दारातच मोजून घ्यावं. त्यांनी आणखी दोन टेबलं स्वतः ओढली, ठकी ‘खांदा, खांदा’ म्हणून धावेपर्यंत. मुलीकडचे इतके वडीलधारे आले याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. डॉक्टरांना त्यांनी थोरले काका समजून मोठी खुर्ची दिली. डॉक्टरांनी ती घेतली.

मुलगा उंच, अबोल, हसला की निम्म्या वयाचा वाटणारा. त्याने मला हळूच सांगितलं, की कॅप्टन पहिल्यांदा आले होते तो दिवस त्याच्या आईला चांगला आठवतो. हा माणूस स्वयंपाकघर दाखवा म्हणाला, फळीवरून बोट फिरवून बघितलं, घरच्या मांजराबद्दल चौकशी केली. आईला वाटलं, नगरपालिकेचा निरीक्षक. म्हणून तिने पुन्हा पुन्हा वाढलं, कॉफी फुकट पाजली आणि मांजर आठवडाभर बहिणीकडे ठेवलं. त्या भेटीचं वर्णन कॅप्टननी मंडळात ‘निरपेक्ष आदरातिथ्य’ असं केलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

जेवायला बसण्याआधी ठकीने वडिलांना दाराजवळच्या खुंट्यांपाशी गाठलं. मेहुणी तिथे सगळ्यांचे कोट अडकवत होती आणि मी माझा देत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“बाबा, नीट ऐका. त्या तुम्हाला स्वतःच्या हाताने घास भरवतील. तो घ्यायचा. मग तुम्ही एक घास करून त्यांना भरवायचा. त्यांच्या घरात एवढंच असतं. तो घास त्यांनी खाल्ला की ठरलं. भाषण नको, काही नको. एक घास, बाबा.”

“मला सांगतेस?” कॅप्टन म्हणाले. “गुर्शा म्हणतात त्याला. अर्धा तास बोललोय मी त्यावर, वाचनालयात.”

मग ताट आलं. एकच, चार माणसांनी मिठी मारावी एवढं. त्यावर इंजेरा, म्हणजे त्यांची ती मऊ, आंबूस, जाळीदार मोठी पोळी, आणि तिच्यावर लाल-पिवळ्या कालवणांचे ढीग. ऐनवेळी वाढलेल्या माणसांसाठी आतून आणखी दोन ताटं आली. वास असा होता, की करसल्लागार बोलायचे थांबले. मीही तिसेक देश झालेला माणूस आहे आणि बहुतेक देशांत अर्धपोटी उठलो आहे. इथे पहिल्या घासाला मला कॅप्टनची दया आली, की हे सगळं त्यांच्या तोंडात इतकी वर्षं जातं आणि जातं कुठे.

ते उभेच राहिले होते. आधी धान्याबद्दल बोलले, मग आंबवण्याबद्दल, मग डोंगरावरच्या हवेबद्दल. बाई नम्रपणे ऐकत होत्या. आपल्याला लग्नाविषयी काही सांगितलं जातंय असं त्यांना वाटत असावं. त्यानंतर कॅप्टन म्हणाले, आता यजमानीणबाई आपल्याला गुर्शा करून दाखवतील, आणि खाली बसले. पाच फोन वर आले.

बाई उठल्या. त्यांनी पोळीचा तुकडा घेतला, दोन कालवणं त्यात गुंडाळली, नीट बोटाएवढी सुरळी केली आणि कॅप्टनसमोर आल्या. कॅप्टननी तोंड उघडलं. डॉक्टरांनीही नंतर कौतुक केलं इतकं छान उघडलं. घास आत गेला, मंडळाने टाळ्या वाजवल्या. सजावटवाल्या बाईंचा फोटो हलला होता, म्हणून कॅप्टननी हातानेच ‘पुन्हा’ अशी खूण केली. बाईंनी पुन्हा भरवला. डॉक्टरांचा फोटो राहिलाच होता; त्यांच्यासाठी तिसरा.

मग त्या कॅप्टनच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. हात मांडीवर ठेवले आणि थांबल्या.

मुलगा पाण्याचा जग हातात घेऊन तसाच उभा राहिला. ठकी वडिलांच्या हाताकडे बघत होती. इतकं रोखून मी कोणाला कोणाच्या हाताकडे बघताना पाहिलेलं नाही. तो हात ताटाकडे गेला. त्याने पोळी फाडली, डाळीचं कालवण टिपलं, वरून थोडा पाला घेतला, कडा दुमडल्या. घास खरोखर सुबक झाला. कॅप्टननी तो उचलला, बाईंच्या चेहऱ्यासमोर आणला. बाईंचे ओठ विलगले.

“इथे बघा,” कॅप्टन मंडळाला म्हणाले, “ही जाळी. उजेडात धरली की दिसते. रस शोषून घेते ती ही.” आणि घास त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. “आंबटपणा मागाहून येतो,” ते चावत म्हणाले.

बाईंनी तोंड मिटलं. रागावल्या नाहीत; रागवायला समोर कोणी तरी असावं लागतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि त्याने जग खाली ठेवला. ठकीने मान खाली घातली आणि ताटाच्या कडेवरचा एक शितभर तुकडा नखाने उचलत राहिली. माझ्या बायकोने टेबलाखाली माझा गुडघा धरला. डॉक्टर आलं घातलंय का म्हणून विचारत होते.

“आता सांगा,” कॅप्टन बाईंकडे वळले, मान किंचित तिरकी केली, “देशाची आठवण येते का?”

मुख्याध्यापिकाबाईंचा रुमाल वर आला. तेवढ्यात कडेची खुर्ची सरकली.

मेहुणी उठली होती. ती गल्ल्याजवळच्या बेसिनवर गेली, कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि खुर्च्यांच्या मागून, एकेकाला ‘जरा पुढे’ म्हणत, टेबलाच्या त्या बाजूला आली. कॅप्टनचा फोन बाईंवर रोखलेला होता.

“अगं, जरा बाजूला हो,” ते म्हणाले. “मध्ये येतेयस.”

ती झाली नाही. त्यांच्या आणि बाईंच्या मधोमध पाठ करून उभी राहिली. तिने पोळी तोडली. घास काही जमेना. कालवण एका बाजूने गळून तिच्या मनगटावरून ओघळलं. शेवटी तिने तो गोळाच दोन बोटांत दाबून धरला आणि लहान पोराला भरवावा तसा, दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरून, बाईंच्या तोंडात घातला.

बाईंनी तो सावकाश खाल्ला. सगळा. मग उठून मेहुणीला एक भरवला.

“मुलगी सकाळी लवकर उठत नाही,” मेहुणी तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवते.”

“माझाही नाही उठत,” बाई म्हणाल्या. “मीच उठवते. दोघांना उठवीन.”

ठकी हसली, आणि हसताना नाक ओढलं, आणि मग तिला खुंटीवरचा कोणाचा तरी कोट ओढून तोंडावर धरावा लागला. मुलगा भिंतीला टेकून उभा होता तो घसरत बाकावर बसला. माझी बायको मला म्हणाली, “झालं.” मी मान हलवली. मंडळात हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. कॅप्टन फोनच्या पडद्यावर बोट फिरवून बघत होते आणि म्हणत होते, की नेमक्या उत्तराच्या वेळी मध्ये पाठ आली, सगळं गेलं.

पुढचा तासभर मेहुणी आणि बाई स्वयंपाकघरात होत्या. कॉफीच्या बिया भाजल्याचा वास येत होता आणि दोघींचा आवाज. एकमेकींची भाषा येत नसल्याने त्या शहराच्या भाषेत, दोघीही चुकत, भरभर बोलत होत्या. कॅप्टननी त्या वेळात दारावरच्या पाटीचे, फ्रीजचे आणि मांजराचे फोटो काढले. डॉक्टरांनी पुनर्भेट या कल्पनेचं अभिनंदन केलं. पुढची पुनर्भेट पेरूला द्यावी, असं ठरलं.

परत येताना कॅप्टन खुशीत गाडी चालवत होते. मी शेजारी, दोघी बहिणी मागे. बरेच सिग्नल ते मंडळाविषयी बोलले, आणि मग आवाज खाली आणून मला म्हणाले, “चांगलं झालं, तो विषय निघाला नाही. उगाच घाईत शब्द जातो तोंडातून. शांतपणे बघू.”

मी खिडकीबाहेर बघितलं.

मागे मेहुणी माझ्या बायकोला सांगत होती, की पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार मोकळा ठेव, आणि दोन दिवस आधीच ये, एकटीला आवरणार नाही.

“रविवारी काय आहे?” कॅप्टननी विचारलं.

“लग्न.”

“कोणाचं?”

पुढचा सिग्नल लाल झाला, गाडी थांबली. कॅप्टननी आरसा जरा वळवला आणि मागच्या सीटवर बघितलं. तिथे दोघीच होत्या आणि मध्ये कोटांचा ढीग. ठकी हॉटेलातच थांबली होती, भांडी आवरायला. निघताना तिने ते सगळ्यांना सांगितलं होतं. कॅप्टन तेव्हा मांजराला उजेडात घ्यायच्या खटपटीत होते.

“ती कुठाय?” ते म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.